आधी आपण कुत्र्याला राखायचं

गाडीच्या धडकेत लंगडं झालेलं किंवा कुणी पोत्यात घालून सोडून दिलेलं कुत्रं घरी आणणं हे मोठ्या मनाचं काम आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत मात्र अनेक घरांच्या कुंपणापलीकडे जंगल सुरू होतं. इथे एखादी चुकीची समजूत त्या मुक्या जिवावरच बेतते.

गैरसमज : दारात कुत्रा बांधला की बिबट फिरकत नाही.

वस्तुस्थिती : कुत्रा हे बिबटाचं नेहमीचं भक्ष्य आहे. अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले परिसरात बिबटांच्या विष्ठेचा अभ्यास झाला. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, वजनाच्या हिशेबाने त्यांच्या खाद्यातला ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही आणि त्याच्यासाठी बिबट थेट ओसरीपर्यंत येतो. दिवेलागणीला कुत्र्याला घरात किंवा वरून झाकलेल्या, पक्क्या दाराच्या जागेत घ्या. शिळंपाकं अंगणात टाकू नका. बिबट दिसला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

गैरसमज : मोहफुलं वेचायला जाताना कुत्रा सोबत असला की भीती नाही.

वस्तुस्थिती : कुत्रं पुढे पळतं, अस्वलावर भुंकतं आणि अस्वल चवताळलं की मालकाकडेच धावत येतं. पाठोपाठ अस्वलही येऊ शकतं. त्यामुळे जंगलात जाताना त्याला घरीच ठेवावं. पहिला धडा मात्र हाकेसरशी परत येण्याचाच द्यावा. अंगणात गळ्याला लांब दोरी बांधून नाव घ्यायचं आणि जवळ आलं की त्याच क्षणी उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचा. उशिरा आलं तरी रागवायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी ते येणारच नाही. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा हा सराव पहाटेच करावा.

गैरसमज : मोठं झालेलं गावठी कुत्रं शिकत नाही, शिकवायचंच तर काठी लागते.

वस्तुस्थिती : शिकण्याच्या आड वय येत नाही, भीती येते. सुरुवातीचे काही आठवडे त्याला बसायला एकच कोपरा आणि जेवायला एकच वेळ द्या. घरातल्या सगळ्यांनी एका कामासाठी एकच शब्द वापरा. खाणं झालं की लगेच बाहेर न्या आणि तिथे शी-शू केली की तिथेच शाबासकी द्या. घरात घाण केल्यावर तासाभराने मारलं तर मार कशाचा हे त्याला कळत नाही. ते माणसाला भ्यायला शिकतं, आणि भ्यालेलं कुत्रं चावतं.

गैरसमज : लस शहरातल्या महागड्या कुत्र्यांसाठी असते.

वस्तुस्थिती : लस न घेतलेल्या कुत्र्याकडून रेबीज माणसाला आणि डिस्टेंपर हा आजार जंगलातल्या प्राण्यांना होऊ शकतो. १९९४मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत डिस्टेंपरच्या साथीने सुमारे एक हजार सिंह गेले. गावाची आणि ताडोबाची हद्द जिथे भिडते, तिथे ही लस वाघाचंही रक्षण करते. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून डिस्टेंपरसह इतर लसी आणि तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस पशुवैद्यकाकडून द्या. पुढचे डोस चुकवू नका. कुत्रा चावलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. आता पोटात १४ इंजेक्शनं घ्यावी लागत नाहीत, लस दंडात देतात.

गैरसमज : मादीला एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत.

वस्तुस्थिती : तिच्या आरोग्याला त्याची गरज नसते. वेळेवर नसबंदी केली तर गर्भाशयातल्या जीवघेण्या पू-संसर्गापासून आणि स्तनांच्या गाठींपासून तिचा बचाव होतो. शिवाय पुढची सहा-सात पिल्लं रस्त्यावर येत नाहीत.

गैरसमज : जंगलात सापडलेलं रानकुत्र्याचं पिल्लू माणसाळवता येतं.

वस्तुस्थिती : रानकुत्रा म्हणजे रानात गेलेलं गावठी कुत्रं नव्हे. तो वेगळा वन्यप्राणी आहे. कुत्र्याला ४२ दात असतात, त्याला ४०. तो कुत्र्यासारखा भुंकत नाही, शीळ घालतो. १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार त्याला पाळता येत नाही. पिल्लू दिसलं तर हात न लावता वन विभागाला कळवा.

कुत्रं पुढे आयुष्यभर घर राखेल. ते आणायच्या आदल्या दिवशीच लसीची तारीख ठरवा आणि त्याची रात्रीची बंद जागा तयार ठेवा.