लाहोरी फौजेचा शिपाई, बैलगाड्यांचा मिस्त्री

अहमदपूर-लोहा पट्ट्यातले म्हातारे शेतकरी माझ्या आजोबांना ‘सरदार मिस्त्री’ म्हणून ओळखत. बैलगाडीचं चाक भरावं तर सरदार मिस्त्रीनंच, असं बोललं जाई. त्याआधी हा माणूस निजामाच्या लाहोरी फौजेत शिपाई होता, हे आता फार थोड्यांना ठाऊक आहे. आम्हा दखनी शिखांच्या अनेक घरांची गोष्ट मात्र या फौजेपासूनच सुरू होते.

नांदेडला शीख कसे, याचं उत्तर इथल्या शाळकरी पोरालाही येतं. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजींनी गोदाकाठी इथेच देह ठेवला. पण आमच्यासारखी बरीच घरं त्यानंतर सव्वाशे वर्षांनी आली आणि तीही नोकरीसाठी. १८३०च्या दशकात हैदराबादचा कारभार चंदूलाल यांच्या हाती होता. ते खत्री, नानकपंथी घरातले. सारा वेळेवर जमत नव्हता आणि संस्थानातले अरब-रोहिले शिपाई कुणाला जुमानत नव्हते. तेव्हा लाहोरच्या महाराजा रणजितसिंगांकडून शीख शिपाई मागवले गेले. नांदेडच्या सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याची आजची इमारतही रणजितसिंगांनी त्याच दशकात बांधून घेतली. १८३९मध्ये महाराज गेले, १८४९मध्ये पंजाब इंग्रजांनी घेतला. ज्यांनी पाठवलं ते राज्यच उरलं नाही, मग परत कुणाकडे जायचं? शिपाई इथेच राहिले. नोकरी बापाकडून लेकाकडे येत गेली आणि घरातल्या पंजाबीत मराठी, दखनी मिसळत गेली.

या फौजेच्या वाट्याला लढाया कमी, राखण जास्त. खजिन्यावर पहारा द्यायचा, वसुलीच्या अंमलदारासोबत गावोगाव जायचं, जमलेली रक्कम सुखरूप पोचवायची. पगार निजामाच्या हाली रुपयांत. आजोबा सांगत, ‘‘आम्ही गावात शिरलो की पाटलाच्या वाड्यापुढे माणसं गोळा व्हायची, बाकीच्या गल्लीत दारं लागायची.’’

सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतात आलं आणि ही फौज मोडली. कुणाला पोलिसांत घेतलं, कुणी लॉरीवर ड्रायव्हर झालं, कुणी शेती धरली. आजोबांच्या आजोळी सुतारकी-लोहारकी होती. लहानपणी मामाच्या हाताखाली जे शिकले, तेच आता कामाला आलं. अहमदपूर तालुक्यातल्या एका गावानं चावडीमागे बाभळीखाली जागा दिली. तालुका तेव्हा बीदर जिल्ह्यात होता. १९५६मध्ये तो उस्मानाबादेत गेला आणि १९८२मध्ये लातूर जिल्हा झाल्यावर लातुरात आला. आजोबांची ऐरण मात्र होती तिथेच राहिली.

चाकाची खरी परीक्षा धाव चढवताना होते. मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे आणि बाहेरचे वळणदार तुकडे, सगळं बाभळीचं. हे सगळं आवळून धरते ती लोखंडी पट्टी म्हणजे धाव. आजोबा चाकाचा घेर दोरीनं मोजत आणि धाव त्याहून किंचित आखूड ठेवत. किंचित म्हणजे किती, हे त्यांच्या बोटांना कळे. जास्त आखूड झाली तर आरे वाकतात आणि सैल राहिली तर उन्हाळ्यात लाकूड वाळलं की वाटेतच निखळते. जमिनीवर गोवऱ्यांचं रिंगण रचून त्यात धाव लाल होईतो तापवायची. तापली की ती फुगते. मग तिघांनी सांडशीनं उचलून चाकावर बसवायची, घणानं ठोकायची. लाकूड पेट घेतं, धूर डोळ्यांत जातो, तेवढ्यात घागरीवर घागर ओतायची. लोखंड आकसतं आणि सांधे करकरत एकमेकांत बसतात. आम्ही पोरं त्या करकरीची वाट बघत उभी राहायचो.

सुगी आणि माळेगावची यात्रा, हे दोन हंगाम तोंडावर आले की आजोबांना जेवायला फुरसत नसे. मार्गशीर्षात खंडोबाच्या त्या यात्रेला लाल कंधारी आणि देवणी बैलांचा बाजार भरतो. तिकडे मोडक्या गाडीनं जाणं म्हणजे भावकीत मान खाली घालणं. सुगीनंतर ज्वारी, कापूस, शेंगा भरून गाड्या लातूरच्या मोंढ्याकडे निघत. बार्शी लाइट रेल्वे १९११मध्ये लातूरला आली होती, त्यामुळे तिथली बाजारपेठ वाढलेली. ‘‘मिस्त्री, तेवढं चाक बघा हो, परवा लातूर गाठायचंय,’’ असा तगादा रात्रीसुद्धा येई.

मजुरी बहुतेक खळ्यावर, ज्वारीच्या मापानं. मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. फौजेतला पगारसुद्धा शेवटी याच रानांतून येत होता. पण तो आधी साऱ्याच्या रूपानं हैदराबादला जाई आणि तिथून आजोबांच्या हाती पडे. देणाऱ्याला घेणारा ठाऊक नव्हता आणि घेणाऱ्याला देणारा. मिस्त्री झाल्यावर मधलं सरकार गेलं. कुणाच्या घरी यंदा कमी पिकलंय हे आजोबांना कळू लागलं, आणि त्या घराचं चाक ते पुढच्या सुगीच्या बोलीवर भरून देऊ लागले. ज्या गल्लीत पूर्वी दारं लागत, तिथे लग्नाचं पहिलं आवतण मिस्त्रीच्या घरी येऊ लागलं.

पुढे रबरी टायरच्या गाड्या आल्या. बहात्तरच्या दुष्काळात बैल मातीमोल विकले गेले. मग ट्रॅक्टर आले. वडिलांनी भाता बाजूला ठेवून वेल्डिंग मशीन घेतलं आणि ट्रॉल्या बांधल्या. धंदा बदलला, गिऱ्हाईक त्याच घरांतलं राहिलं. मराठवाड्यात दखनी शिखांच्या वर्कशॉप, गॅरेज, ट्रान्सपोर्टच्या पाट्या दिसतात, त्यातल्या काहींच्या मागे अशीच एखादी मोडलेली फौज आहे. पराक्रमाच्या गोष्टी आमच्या घरात फारशा नाहीत. या मातीत आमचा पाय रोवला तो चाकांच्या कामानं. तलवारीच्या जोरावर आम्हाला इथे नुसता मुक्काम करता आला.