बत्तीस शब्दांची भाषा

दहावीचा निकाल हाती आला की पालकांकडून एक प्रश्न आम्हां शिक्षकांना हमखास विचारला जातो : "सर, पोराचं गणित बरं आहे, पण इंग्रजी कच्चं आहे. त्याला संगणकाची लाइन झेपेल का?" या प्रश्नामागे काळजी तर असतेच, पण एक समजही असतो. प्रोग्रॅमिंग म्हणजे इंग्रजी, आणि ज्या घरात इंग्रजी पहिल्यांदाच शिरते आहे त्या घरातील मुलाने त्या वाटेला जाऊ नये, असा तो समज. त्यापायी कित्येक मुले दारातूनच परत फिरतात. म्हणून प्रोग्रॅमिंगची भाषा म्हणजे नेमके काय आणि तिच्या मुळाशी कोणत्या कल्पना आहेत, हे या स्मरणिकेच्या निमित्ताने सांगावे, असे आम्हांस वाटले.

संगणकाला इंग्रजी येत नाही आणि मराठीही येत नाही. त्याला कळतात त्या शून्य आणि एक या दोन चिन्हांत मांडलेल्या सूचना. आरंभीच्या काळात माणसे अशाच अंकांत सूचना लिहीत. ते काम अत्यंत किचकट होते. अमेरिकेतील गणितज्ञ ग्रेस हॉपर यांनी १९५२ च्या सुमारास अशी योजना केली, की माणसाने आपल्या सोयीच्या खुणांत लिहावे आणि अंकांतील सूचनांची जुळणी संगणकानेच करावी. अशी जुळणी करणाऱ्या प्रोग्रॅमला कम्पायलर म्हणतात. पुढे हॉपर यांनी इंग्रजी शब्दांत सूचना लिहिण्याची सोय केली. ती वरिष्ठांना दाखवताना त्याच सूचना त्यांनी फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही लिहून दाखवल्या. फिलाडेल्फियात तयार झालेल्या यंत्राला फ्रेंच किंवा जर्मन कळते, हे वरिष्ठांच्या पचनी पडेना, असे त्यांनी नंतर सांगितले आहे. वास्तविक त्या यंत्राला तिन्ही भाषा सारख्याच परक्या होत्या. अमुक खूण दिसली की तमुक कृती करावयाची, एवढेच त्याला ठाऊक.

या खुणा तरी किती असतात? १९८९ साली प्रमाणित झालेल्या 'सी' भाषेत राखीव शब्द अवघे ३२ आहेत. आज शाळा-महाविद्यालयांत शिकवल्या जाणाऱ्या पायथॉन भाषेत ते सुमारे ३५ आहेत. इतके शब्द आठवड्याभरात पाठ होतात. खरे शिक्षण त्यानंतर सुरू होते. ते शब्दांचे नसून काही मोजक्या कल्पनांचे असते. त्या कल्पना वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातच पाहू.

समजा, जेवायला १८० मुले आहेत आणि प्रत्येकी १५० ग्रॅम तांदूळ लागतो. कोठीतून २७ किलो तांदूळ काढावा लागेल. उद्या २० मुले गावी गेली, तर २४ किलो पुरेल. आकडा बदलला, हिशोबाची रीत बदलली नाही. म्हणून आकड्याच्या जागी 'हजेरी' हे नाव लिहावे आणि रीत एकदाच मांडावी. नावाला मूल्य जोडण्याच्या या कल्पनेला व्हेरिएबल म्हणतात. बीजगणितातील 'क्ष'शी त्याचे नाते आहे, पण एक फरक आहे. 'हजेरी = हजेरी + १' हे विधान बीजगणितात खोटे ठरते. येथे मात्र ती आज्ञा आहे : आणखी एक मुलगा आला, तेव्हा नोंदीत एक वाढवून ती पुन्हा त्याच नावाने ठेव.

दुसरी कल्पना मूल्याच्या प्रकाराची. किलो आणि लिटर यांची बेरीज होत नाही, पावशेराच्या मापात पायली मावत नाही, हे घरातील कोणीही सांगेल. संगणकातही प्रत्येक मूल्याचा प्रकार आणि त्याच्या जागेचे माप ठरलेले असते. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन ५ हे रॉकेट उड्डाणाचा क्रम सुरू झाल्यापासून सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. ६४ बिटांच्या जागेतील एक संख्या १६ बिटांच्या जागेत घालण्याचा प्रयत्न झाला होता. त्या लहान जागेत ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. तो भाग आधीच्या एरियन ४ रॉकेटसाठी लिहिलेला होता, आणि तेथे ती संख्या इतकी मोठी होत नसे.

तिसरी कल्पना कामाच्या रचनेची. तांदूळ निवडा, धुवा, आधण ठेवा, हा झाला क्रम. 'आज रविवार असेल तर खीर करा, नाहीतर नेहमीचे जेवण', ही झाली अट. 'पंगतीतील प्रत्येक ताटात भात वाढा', हे झाले आवर्तन. बोम आणि याकोपिनी या दोन इटालियन अभ्यासकांनी १९६६ साली दाखवून दिले, की गणनेची कोणतीही रीत क्रम, अट आणि आवर्तन या तीन रचनांतून मांडता येते. बँकेचा व्यवहार असो वा रेल्वेचे आरक्षण, पाया हाच.

चौथी कल्पना कामाला नाव देण्याची. 'भात लाव' एवढे म्हटले की अनुभवी आचाऱ्याला पुढचे सांगावे लागत नाही. तसेच अनेक सूचनांच्या संचाला एक नाव देऊन तो हवा तेव्हा बोलावता येतो. याला फंक्शन म्हणतात. मोठमोठे प्रोग्रॅम अशा लहान लहान कामांतूनच उभे राहतात.

माणूस आणि यंत्र यांत भेद कोठे आहे? 'भात शिजेपर्यंत आच ठेव' असे सांगितल्यावर पातेल्यातील पाणी आटले, तर माणूस आच बंद करील. यंत्र करणार नाही, कारण ते सांगितलेले नव्हते. न सांगितलेले काय राहिले, हे शोधण्याची सवय म्हणजे प्रोग्रॅमिंग. ही सवय कोणत्या भाषेतून लागते, याला महत्त्व नाही.

इंग्रजीची गरज नाही, असे आम्ही म्हणत नाही. पुस्तके, यंत्राने दाखवलेल्या चुकांचे संदेश, नोकरीतील पत्रव्यवहार यांसाठी ती लागते, आणि ती शिकलीच पाहिजे. परंतु ती सोबत शिकता येते. ती आल्याशिवाय आत येऊ नये, असा नियम नाही. पायथॉनच्या २००८ पासूनच्या आवृत्तीत 'हजेरी', 'तांदूळ' अशी देवनागरी नावेही चालतात.

पालकांना आमची विनंती एवढीच : मुलाला घरातील एखादे काम पायरी-पायरीने, काही न गाळता, मराठीतच सांगावयास लावा. ते त्याला जमले, तर झेपेल का, हा प्रश्न उरत नाही. आणि जे माजी विद्यार्थी आज या क्षेत्रात स्थिरावले आहेत, त्यांनी सुट्टीच्या एखाद्या दिवशी शाळेच्या संगणक कक्षात येऊन बसावे. मुलांना समजेल अशा आपल्या भाषेत या चार कल्पना शिकवाव्यात. त्यांची आम्ही वाट पाहत आहोत.