पुराचे पाणी आणि माशांची वीण

गावतळ्यात एकदा रोहू-कटला सोडले की त्यांची वीण तेथेच होत राहील, अशी समजूत अनेक ठिकाणी आढळते. पुढील वर्षी बीज टाकले नाही, तर तळे रिकामे राहते आणि दोष बीज पुरविणाऱ्याला दिला जातो. वस्तुतः दोष कोणाचाच नसतो.

कटला, रोहू व मृगळ हे मूळचे उत्तरेकडील मोठ्या नद्यांतील मासे. तळ्यात ते वाढतात, मादीच्या पोटात अंडीही तयार होतात. परंतु साचलेल्या पाण्यात ती घातली जात नाहीत. उन्हाळ्यातील वाढता दिवस व उबदार पाणी अंडी पक्व करतात. ती बाहेर पडण्यास मात्र निराळा इशारा लागतो: जोराचा पाऊस, चढता पूर, नव्याने बुडालेली उथळ जमीन, वाहते गढूळ पाणी आणि साधारणपणे २४ ते ३१ अंश सेल्सिअस तापमान. हे सारे जुळून आले, की माशाच्या मेंदूतून पीयूषिका ग्रंथीस चेतना मिळते व तिच्या स्रावाने वीण घडते. इशारा मिळालाच नाही, तर अंडी शरीरातच जिरून जातात.

पश्चिम बंगालमधील बांकुडा भागातील मच्छीमारांनी हे अनुभवाने ओळखले होते. उतारावर बांध घालून पावसाचे पाणी अडवावयाचे व त्यात नर-माद्या सोडावयाच्या, ही त्यांची रीत. पुढे १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांची वीण घडवून आणली. आज कृत्रिम संप्रेरके वापरली जातात आणि बीजकेंद्रांतील गोल टाक्यांत पाणी फिरते ठेवले जाते. अर्थात मासा पक्व नसेल, तर टोचणीचाही उपयोग नाही.

सायप्रिनसची गोष्ट वेगळी. तो स्थिर पाण्यातही पाणवनस्पतींवर चिकट अंडी घालतो. आपला मरळ तर तळ्यातच घरटे करून पिलांची राखण करतो.

तेव्हा प्रमुख कार्प जातींच्या तळ्यांसाठी बोटुकलीची तरतूद दरवर्षी करावी लागते, हे ठेका देतानाच स्पष्ट असावे. दुसरी बाब ओढ्यांची. पहिल्या पुरात अनेक स्थानिक जाती विणीसाठी वरच्या अंगाला चढतात. कोकणात यास वलगण म्हणतात. चढणीच्या माशांची मेजवानी सर्वांनाच प्रिय, हे खरे. पण ओढा आडवा जाळ्याने पूर्ण बंद केला, तर अंड्यांनी भरलेल्या माद्याच प्रथम सापडतात. निदान पहिले काही दिवस अर्धा प्रवाह मोकळा ठेवण्याचा ठराव ग्रामसभेस सहज करता येईल.