बंप स्टॉक
अर्धस्वयंचलित रायफलीच्या मूळ दस्त्याच्या जागी बसविण्याचे, मागेपुढे सरकणारे एक उपांग. अशा रायफलीत चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. दुसरीसाठी तो सोडून पुन्हा ओढावा लागतो. बंप स्टॉक लावलेला असता नेमबाज चापापाशी बोट स्थिर धरतो व दुसऱ्या हाताने रायफल पुढे रेटतो. गोळी सुटताच प्रतिक्षेपाने रायफल मागे सरकते, चाप बोटापासून सुटतो; हाताच्या रेट्याने ती पुढे आली की तो पुन्हा बोटावर आदळतो. या रीतीने मिनिटाला ४०० ते ८०० गोळ्यांचा वेग गाठता येतो. नेम मात्र ढळतो. म्हणून शिकारीला वा स्पर्धेला हे साधन जवळजवळ निरुपयोगी होय. दाट जमावावर गोळीबार करणाऱ्याला नेमाची फारशी गरज नसते, ही यातील भयानक बाब.

१ ऑक्टोबर २०१७ रोजी अमेरिकेतील लास व्हेगास येथे एका हॉटेलच्या बत्तिसाव्या मजल्यावरून संगीत-महोत्सवातील श्रोत्यांवर सुमारे दहा मिनिटांत हजाराहून अधिक गोळ्या झाडण्यात आल्या. मृतांची संख्या पुढे ६० वर गेली. हल्लेखोराच्या अनेक रायफलींना हे उपांग जोडलेले होते आणि ते खुल्या बाजारात मिळत होते.

ते मिळत होते याचे कारण कायद्याच्या शब्दांत आहे. १९३४ च्या राष्ट्रीय अग्निशस्त्र अधिनियमानुसार चापाच्या एकाच क्रियेने आपोआप एकाहून अधिक गोळ्या झाडते ते शस्त्र मशीनगन. १९८६ नंतर बनलेली मशीनगन बाळगण्यास नागरिकांना मनाई आहे. संघीय अग्निशस्त्र विभागाने २००६ मध्ये स्प्रिंग असलेले असेच एक साधन मशीनगन ठरविले, तर २०१० मध्ये बिनस्प्रिंगचा बंप स्टॉक नियंत्रणाबाहेर ठेवला.

हत्याकांडानंतर राष्ट्रीय रायफल संघटनेनेही (एरवी बहुतेक निर्बंधांना विरोध करणारी ही संस्था) अधिक नियमनास संमती दर्शविली. तथापि नवा कायदा न करता विभागानेच फेरविचार करावा, असा तिचा आग्रह होता. नियमावर भागविल्यास तो न्यायालयात अडकेल, असा इशारा सीनेटर डायॅन फाइनस्टाइन यांनी दिला होता. काँग्रेसने कायदा केला नाही. डिसेंबर २०१८ मध्ये ट्रंप प्रशासनाने नियमाद्वारे बंप स्टॉकला मशीनगन ठरविले. २६ मार्च २०१९ पर्यंत ते नष्ट करणे वा जमा करणे धारकांवर बंधनकारक झाले.

१४ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'गारलंड विरुद्ध कारगिल' खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी हा नियम रद्द केला. प्रत्येक गोळीला चाप नव्याने कार्यान्वित होतो, शिवाय हाताचा रेटा सतत लागतो, म्हणून ही मशीनगन नव्हे, असे न्यायमूर्ती टॉमस यांनी बहुमताच्या वतीने लिहिले. नेमबाजाच्या बाजूने पाहिल्यास त्याची कृती एकच असते, असे न्यायमूर्ती सोतोमायोर यांचे भिन्नमत होते. यंत्ररचनेचे बहुमताने केलेले वर्णन अचूक आहे. परंतु कायदा मशीनगनच्या संहारशक्तीमुळे झाला होता, यंत्ररचनेच्या कुतूहलातून नव्हे. न्यायमूर्ती अलिटो यांनी सहमतीच्या मतात काँग्रेस कायदा बदलू शकते हे स्पष्ट केले. चारच दिवसांनी सीनेटमध्ये एकमताने विधेयक संमत करण्याचा प्रयत्न एका सदस्याच्या हरकतीमुळे फसला.

निर्णयाचा परिणाम संघीय नियमापुरताच होता. मॅसॅचूसेट्स, फ्लॉरिडा आदी राज्यांच्या स्वतंत्र बंदीला त्याने बाध आला नाही. लास व्हेगास ज्या राज्यात आहे त्या नेव्हाडानेही २०१९ मध्ये असा कायदा केला होता.