बेघर दिव्यांग बांधवाला त्याचा हक्क मिळवून देताना

योहानकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात बेथेसदा तळ्याकाठी पडून असलेल्या एका आजारी मनुष्याची हकिकत आहे. ३८ वर्षे तो आजारी होता. बरे व्हायची इच्छा आहे का, असे प्रभू येशूने विचारले, तेव्हा त्याने दुखण्याची तक्रार केली नाही. पाणी हालते त्या वेळी आपल्याला तळ्यात उतरवणारे कोणी नाही, एवढेच त्याने सांगितले. तळे जवळच होते, पाणीही होते. काठापासून पाण्यापर्यंत नेणारा माणूस तेवढा नव्हता.

आपल्या राज्यातील बेघर दिव्यांग बांधवांची अवस्था याहून फारशी निराळी नाही. त्यांच्यासाठी कायदा आहे, योजना आहे, दरमहा मिळणारे अर्थसाहाय्यही आहे. परंतु तेथवर पोहोचण्यासाठी लागणारे कागद ज्याच्यापाशी असतात, त्याला बहुधा घरही असते. ज्याला घर नाही, त्याच्यापाशी पत्ता नाही. पत्ता नाही म्हणून ओळखपत्र नाही. आणि ओळखपत्र नाही म्हणून त्याचे अपंगत्व सर्वांना दिसत असूनही कागदावर येत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २ लाख १० हजार बेघर व्यक्तींची आणि सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. या दोन्ही आकड्यांत एकाच वेळी मोडणाऱ्या माणसाला हात कसा द्यावा, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातील ढाणकीसारखे गाव डोळ्यांसमोर ठेवून आम्ही लिहीत आहोत. पैनगंगेच्या खोऱ्यातले, मराठवाड्याच्या सीमेजवळचे हे नगरपंचायतीचे गाव. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली शहरांमध्ये प्रत्येक लाख लोकसंख्येमागे एक रात्रनिवारा असावा, असे निर्देश दिले. ढाणकीएवढ्या गावाला तो निकष लागू पडत नाही. अशा गावात बेघर माणूस बस थांब्यावर, देवळाच्या ओवरीत किंवा बंद दुकानाच्या फळीवर रात्र काढतो. सर्वजण त्याला ओळखतात, पण त्याचे पूर्ण नाव कोणालाच ठाऊक नसते.

प्रथम विश्वास, मग कागद

अशा बांधवाकडे जाताना हातात अर्ज घेऊन जाऊ नये. भीक मागणे हा १९५९ च्या कायद्याने गुन्हा ठरवलेला असल्यामुळे, नाव-गाव विचारणारा मनुष्य आपल्याला कोठे तरी डांबायला आला आहे, अशी भीती त्याला वाटू शकते. दोन-चार वेळा भेटावे, शेजारी बसावे, जेवला का ते विचारावे. फ्रेडरिक ओझानाम यांनी १८३३ मध्ये पॅरिसमध्ये सुरू केलेल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे सभासद आजही गरिबाची भेट प्रत्यक्ष जाऊन घेतात. मदतीपूर्वी ओळख, हाच त्यामागील विचार आहे.

त्याच्या संमतीवाचून अर्ज करू नये, छायाचित्र काढू नये. मदतीचा संबंध त्याच्या धर्माशी जोडू नये. तो हिंदू असो, मुस्लिम असो, बौद्ध असो वा आदिवासी परंपरेतला असो, प्रभूने शेवटच्या न्यायाच्या दृष्टांतात परक्याला घरात घेणाऱ्यांची वाखाणणी केली, तेव्हा त्या परक्याचा धर्म विचारला नव्हता.

पत्ता नसलेल्याचा पत्ता

सर्वांत अवघड पायरी ओळखपत्राची. येथे तीन मार्ग आपल्या बंधू-भगिनींना ठाऊक असावेत.

पहिला मार्ग आधारचा. नेहमीची कागदपत्रे नसल्यास ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्रावर आधार नोंदणी होऊ शकते. आमदार, नगरसेवक, तहसीलदार किंवा राजपत्रित अधिकारी असे प्रमाणपत्र देऊ शकतात. मान्यताप्राप्त निवारागृहात राहणाऱ्यांसाठी तेथील प्रमुखांचे प्रमाणपत्र चालते. अनेकदा त्या माणसाचे आधार पूर्वी निघालेले असते आणि कार्ड तेवढे हरवलेले असते. म्हणून नवीन नोंदणीची घाई न करता आधार केंद्रात बोटांच्या ठशांवरून जुना क्रमांक सापडतो का, ते आधी पाहावे.

दुसरा मार्ग मतदार ओळखपत्राचा. बेघर व्यक्तीने मतदार नोंदणीच्या नमुना ६ मध्ये आपण रात्री जेथे झोपतो ते ठिकाण लिहावे. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी एकाहून अधिक रात्री तेथे जाऊन तो मनुष्य खरोखर तेथे झोपतो का, याची खात्री करतात. ती पटली की राहण्याच्या जागेचा लेखी पुरावा मागितला जात नाही. निवडणूक आयोगाची ही तरतूद फार थोड्यांना माहीत आहे. ओवरी किंवा बस थांबा हाही कायद्याच्या दृष्टीने पत्ता होऊ शकतो.

तिसरा मार्ग दाखल्याचा. दिव्यांग हक्क कायद्याखालील २०१७ च्या नियमांबरोबर जो अर्जाचा नमुना दिला होता, त्यात रहिवासाचा पुरावा म्हणून शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र, बँकेचे पासबुक यांच्याबरोबरच पंचायत वा नगरपालिका, राजपत्रित अधिकारी, तलाठी किंवा शासकीय शाळेचे मुख्याध्यापक यांचा दाखला धरला होता. निराधारांच्या संस्थेत राहणाऱ्यासाठी संस्थाप्रमुखाचा दाखला पुरेसा मानला होता. ढाणकीत अशा दाखल्यासाठी नगरपंचायतीकडे विनंती करावी.

कोणत्याही परिस्थितीत खोटा पत्ता देऊ नये. आपल्या घराचा पत्ता सहानुभूतीपोटी लिहून देणारे पुढे चौकशीत अडचणीत येतात आणि अर्जदाराचा लाभही बंद होतो.

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये संमत झाला व १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. नव्या कायद्यात २१ आहेत. अंधत्व, कर्णबधिरता व हातापायांचे अपंगत्व यांखेरीज दीर्घकालीन मानसिक आजार, कुष्ठरोगातून बरे झालेल्यांना उरलेले व्यंग, सिकलसेल व थॅलेसेमिया यांचाही त्यांत समावेश आहे. आपल्या विदर्भात कुष्ठरोग व सिकलसेल हे दोन्ही आजार परिचयाचे आहेत, म्हणून ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. बाहेरून धडधाकट दिसणारा मनुष्यही दिव्यांग असू शकतो.

जून २०२१ पासून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र केवळ स्वावलंबन या संकेतस्थळावरील ऑनलाइन अर्जाद्वारे दिले जाते. महा ई-सेवा केंद्रातून हा अर्ज भरता येतो. त्यानंतर ठरलेल्या दिवशी रुग्णालयात वैद्यकीय तपासणी होते आणि प्रमाणपत्राबरोबर वैश्विक ओळखपत्र, म्हणजेच युडीआयडी कार्ड मिळते. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार ४० टक्क्यांहून कमी अपंगत्वाला पांढरे, ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान पिवळे आणि ८० टक्के वा अधिक अपंगत्वाला निळे कार्ड असते. टक्केवारी मान्य नसल्यास निर्णयाच्या दिनांकापासून ९० दिवसांच्या आत अपील करता येते.

तपासणीसाठी उमरखेड, पुसद किंवा यवतमाळ गाठावे लागू शकते. ढाणकीहून यवतमाळ शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. ज्याला चालता येत नाही, त्याला एवढ्या प्रवासानंतर आज तज्ज्ञ डॉक्टर नाहीत, असे ऐकावे लागले, तर तो पुन्हा येण्याचे धैर्य करीत नाही. म्हणून कोणत्या अपंगत्वाची तपासणी कोणत्या वारी होते, हे आधी विचारून घ्यावे आणि आपल्यापैकी एकाने सोबत जावेच. एसटीच्या भाड्यात दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे. परंतु ती ओळखपत्र हाती आल्यानंतरची. पहिल्या फेरीचा खर्च आपल्यालाच उचलावा लागेल.

मनोरुग्ण भटकत असेल तर

मनाचा तोल गेलेला बेघर मनुष्य स्वतः अर्ज करू शकत नाही. त्याच्यासाठी मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ आहे. आपल्या हद्दीत भटकणाऱ्या व स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या मनोरुग्णाला संरक्षणाखाली घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत नेणे, हे कलम १०० नुसार पोलीस ठाण्याचे कर्तव्य आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. निराधार व बेघर मनोरुग्णांना मोफत उपचाराचा हक्क याच कायद्याने दिला असून त्यासाठी दारिद्र्यरेषेचे कार्ड लागत नाही. उपचारांचे सर्व कागद जपून ठेवावेत. पुढे दिव्यांगत्व ठरवताना ते उपयोगी पडतात.

कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राचे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कार्यासाठी. रस्त्यावरच्या मनोरुग्णावर उपचार करून त्याला त्याच्या घरी पोहोचवणे, हे त्यांच्या संस्थेचे काम. बेघर म्हणून पाहिलेल्या अनेकांना कोठे तरी घर असते, हा धडा त्यातून मिळतो. म्हणून अर्जाच्या खटपटीबरोबर नातेवाइकांचा शोधही घ्यावा.

दरमहा अर्थसाहाय्य

राज्य शासनाची संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून चालू आहे. १८ ते ६५ वर्षे वयाच्या, किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या, वार्षिक उत्पन्न ५० हजार रुपयांच्या आत असणाऱ्या आणि किमान १५ वर्षे महाराष्ट्रात राहिलेल्या व्यक्तीला तिचा लाभ मिळतो. जुलै २०२३ पासून अनुदान दरमहा १,५०० रुपये झाले. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ते ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० रुपये करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. पासष्टी गाठलेल्यांसाठी श्रावणबाळ योजना आहे.

अर्ज महा ई-सेवा केंद्रातून किंवा तहसील कार्यालयातील संजय गांधी योजना शाखेत करावयाचा असतो. वयाचा पुरावा, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, आधार आणि आधारशी जोडलेले बँक खाते एवढे कागद लागतात. खाते नसल्यास शून्य शिल्लक असलेले जनधन खाते उघडावे. अर्जाची छाननी होऊन तो तालुका समितीपुढे जातो. अर्ज दिल्याची दिनांकासह पोच घ्यावी, आणि तो नामंजूर झाल्यास कारण लेखी मागावे. अनुदान सुरू झाल्यावरही काम संपत नाही. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला की पैसे थांबतात, आणि रस्त्यावर राहणाऱ्यापर्यंत सूचनापत्र पोहोचत नाही.

१५ वर्षांच्या अटीमुळे नुकतेच परराज्यातून आलेले बांधव या योजनेत बसत नाहीत. तरीही त्यांचे ओळखपत्र काढण्याचा प्रयत्न सोडू नये, कारण युडीआयडी कार्ड देशभर चालते. याशिवाय स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा, असे राज्य शासनाचे धोरण आहे. नगरपंचायतीकडे त्याविषयी लेखी विचारणा करण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे.

एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. त्या बांधवाचे पासबुक वा एटीएम कार्ड आपल्याजवळ ठेवू नये. कागद रस्त्यावर भिजतात, हरवतात, हे खरे. म्हणून सर्वांच्या छायाप्रती धर्मग्रामाच्या कार्यालयात त्याच्या परवानगीने जपाव्यात. पैसे मात्र त्याचे आहेत, त्यांचा हिशेब आपण मागू नये.

नाव देणारा माणूस

आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, अचलपूरजवळच्या वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी रस्त्यावर, रेल्वे स्थानकांवर टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना आयुष्यभर सांभाळले. त्या मुलांना वडिलांचे नाव नव्हते, म्हणून बाबांनी शंभराहून अधिक मुलांना स्वतःचे नाव दिले. कागदपत्रांत तेच त्यांचे वडील झाले. २०२४ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरवण्यात आले. ज्याचे कोणी नाही त्याच्या कागदावर कोणाचे तरी नाव लागावे लागते, हे त्यांनी फार पूर्वी ओळखले होते.

आपणापैकी प्रत्येकाला एवढे मोठे कार्य जमणार नाही. परंतु कफर्णहूममध्ये पक्षाघाती मनुष्याला प्रभूकडे नेणारे चौघे जण होते, आणि दारातून वाट मिळेना तेव्हा त्यांनी छप्पर उघडले. आपल्या धर्मग्रामातही चौघे जण पुरे आहेत: एकाने त्या बांधवाशी मैत्री करावी, एकाने कागद जमवावेत, एकाने रुग्णालयात सोबत जावे आणि एकाने तहसील कार्यालयातील अर्जाचा पाठपुरावा करावा. मिस्सेनंतर धर्मगुरूंना भेटून असे चौघांचे गट बांधावेत, अशी आमची सर्वांना नम्र विनंती आहे.

परमगुरुस्वामी पोप फ्रान्सिस यांनी घोषित केलेला जागतिक गरीब दिन २०१७ पासून दरवर्षी नोव्हेंबरमध्ये पाळला जातो. पुढच्या गरीब दिनापर्यंत आपल्या गावातील एका तरी बेघर बांधवाच्या हाती त्याचे स्वतःचे नाव असलेले कार्ड यावे, आणि आपल्याला उतरवणारे कोणी नाही, असे म्हणण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये, हीच प्रभूचरणी प्रार्थना.