बालवाडीचे ऋतुनियोजन : क्रीडा व बल यांचा मेळ

सोयगावसारख्या तालुक्याच्या गावी वैद्याला बालवाडीचे निमंत्रण येते ते बहुधा पुष्य नक्षत्रावरील सुवर्णप्राशनासाठी, नाहीतर वार्षिक आरोग्य तपासणीसाठी. बालकांनी वर्षभर काय खेळावे, कोणत्या महिन्यात किती धावावे, हे मात्र शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका सणावारांची यादी समोर ठेवून ठरवितात. या नियोजनात वैद्याने आपणहून सहभाग घ्यावा, असे आमचे मत आहे. कारण ऋतूनुसार बलाचा विचार ज्या शास्त्रात झाला आहे, त्याचे आपण अभ्यासक आहोत.

बालक्रीडेविषयी आपले ग्रंथ मुळीच मौन नाहीत. चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात खेळणी कशी असावीत ते सांगितले आहे. ती चित्रविचित्र, आवाज करणारी व मनोहर असावीत, जड वा टोकदार नसावीत, तोंडात जाण्याजोगी नसावीत आणि मुलाला भय वाटेल अशी नसावीत. वाग्भटांनी उत्तरस्थानाच्या आरंभी लाखेची, आकाराने मोठी, गाय-घोड्याच्या रूपाची खेळणी सुचविली आहेत. मोठे पण हलके हे दोन्ही आचार्यांचे मत एकत्र घेतले, की आजही खेळणी निवडताना दुसरा निकष शोधावा लागत नाही.

त्याच वाग्भटांनी सूत्रस्थानात व्यायाम वर्ज्य असणाऱ्यांत बालकाची गणना केली आहे, हे पुष्कळदा नजरेआड होते. याचा अर्थ मुलाला बसवून ठेवावे असा नव्हे. क्रीडा आणि व्यायाम यांत भेद आहे. खेळणारे मूल दमले की आपणच थांबते. शर्यतीतले मूल शिट्टी वाजेपर्यंत थांबत नाही. म्हणून तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी कवायत आणि बक्षिसांच्या स्पर्धा आम्ही सुचविणार नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे सुरू केलेल्या आणि पुढे कोसबाडला नेलेल्या बालशिक्षणाच्या कार्यात परिसरातील पाने, बिया, माती, शंखशिंपले हेच साहित्य होते. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, ही त्यांची कल्पना. १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाडी हा शब्द देशभर रूढ झाला.

आता ऋतूंकडे वळू. शिशिरादी गणनेने ज्येष्ठ-आषाढ हा ग्रीष्म ठरतो. परंतु अजिंठ्याच्या डोंगराखालच्या या भागात चैत्र सरता सरताच ऊन असह्य होते आणि आषाढात पेरण्या आटोपलेल्या असतात. सुश्रुतांनी दोषांच्या संचय-प्रकोपासाठी जी दुसरी गणना दिली आहे, ती येथे अधिक जुळते : फाल्गुन-चैत्र वसंत, वैशाख-ज्येष्ठ ग्रीष्म, आषाढ-श्रावण प्रावृट्, भाद्रपद-आश्विन वर्षा, कार्तिक-मार्गशीर्ष शरद व पौष-माघ हेमंत. नियोजनाचा तक्ता याच क्रमाने करावा. तरीही महिन्यापेक्षा ऋतुलक्षणाला अधिक मान द्यावा.

खरी विसंगती ग्रीष्मात दिसते. शहरांच्या अनुकरणाने एप्रिल-मे महिन्यांत उन्हाळी शिबिरांची प्रथा आता तालुक्यांपर्यंत पोहोचली आहे. पारा चाळिशी ओलांडतो, शरीराचे बल सर्वांत क्षीण असते, आणि नेमके तेव्हाच मुलांना नृत्य, धावणे, मैदानी खेळ यांसाठी बोलावले जाते! शिबिर घ्यायचेच असेल तर ते सकाळी लवकर आटोपावे. पाण्यात हात घालून करावयाचे खेळ, ओल्या वाळूतील आकृत्या, मडक्यांची रंगरंगोटी, गोष्टी, एवढेच ठेवावे; मध्ये कैरीचे पन्हे किंवा धणे-जिऱ्याचे पाणी द्यावे. दुपारची झोप या ऋतूत शास्त्रसंमत आहे, ती मोडू नये. खान्देश लागूनच असल्याने आखाजीचे झोके येथे परिचयाचे आहेत. सावलीत, बुटक्या फांदीला बांधलेला झोका हा या ऋतूचा उत्तम खेळ होय.

याउलट धावपळीचे जे काही असेल ते मार्गशीर्षापासून माघापर्यंत घ्यावे. येथे एक सामाजिक बाजू आहे. हा काळ कापूस वेचणीचाही असतो. आई पहाटे शेतावर जाते व मूल पुष्कळदा उपाशी बालवाडीत येते. हेमंतात अग्नी प्रबल असतो आणि त्याला इंधन न मिळाल्यास तो शरीरातील रसच जाळतो, असे चरकाचार्य सांगतात. अशा मुलाला येताच पळविणे म्हणजे त्याचे बल खर्च करणे होय. आधी अल्पोपाहार, नंतर बैठी गाणी-गोष्टी, आणि मग शिवाशिवी किंवा लपंडाव, असा क्रम सेविकांना समजावून द्यावा. वैद्याचे हे दहा मिनिटांचे बोलणे वर्षभर उपयोगी पडते.

प्रावृट् ऋतूत अग्नी मंद होतो आणि ओल बाधते, म्हणून चिखलात खेळ मोजका असावा; अंग कोरडे करून सुंठेचा कोमट काढा द्यावा. पोळ्याचे मातीचे बैल मात्र अवश्य करू द्यावेत. तेव्हा वैद्याने उपस्थित राहिल्यास आणखी एक काम साधते. जे मूल वारंवार माती तोंडात घालते, ते लगेच ओळखू येते. मृद्भक्षणजन्य पांडूचे वर्णन आपण सारे जाणतो. अशा मुलाच्या रक्ताची तपासणी व कृमींची चिकित्सा तेव्हाच सुरू करता येते.

भाद्रपद पौर्णिमेपासून भुलाबाईची गाणी असतातच; त्यांवर अधिक लिहिण्याची गरज नाही. वसंतात बालकांचा स्वाभाविक कफ अधिकच वाढतो, म्हणून सकाळचे फेर धरून नाच आणि पळसाच्या फुलांचा रंग, एवढे पुरे.

बियांविषयी मात्र विस्ताराने लिहिणे भाग आहे. आश्विन-कार्तिकात या भागात सीताफळे मुबलक येतात व त्यांच्या बिया मोजणीच्या खेळात वापरण्याचा मोह होतो. ही बी कुटली गेली व तिचे चूर्ण डोळ्यांत गेले तर नेत्राला गंभीर इजा होते. गुंज दिसायला मोहक, परंतु उपविष. कुंपणाच्या मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुले त्या खातात आणि वांती-अतिसाराने बेजार होतात. असे रुग्ण दवाखान्यात थांबवून न ठेवता तत्काळ शासकीय रुग्णालयात पाठवावेत. संक्रांतीनंतरच्या बोरन्हाणातही बोरे, हरभरे, शेंगदाणे मुलांच्या डोक्यावरून ओतले जातात आणि ती वेचून तोंडात टाकतात. श्वासमार्गात दाणा अडकण्याचा धोका पाच वर्षांखालील मुलांत विशेष असतो. चुरमुरे व तिळाच्या मऊ वड्या ठेवून प्रथा सुखेनैव पाळता येते. ‘तोंडात न जाणारे’ हा चरकोक्त निकष येथे शब्दशः लावावा.

औषधालय चालकांनाही यात वाटा उचलता येईल. सुंठ, ओवा, बडीशेप, वेखंड, वाळा यांच्या घट्ट शिवलेल्या लहान पुरचुंड्या बालवाडीला द्याव्यात. डोळे मिटून वासावरून ओळखण्याचा खेळ मुलांना फार आवडतो. सुटे चूर्ण देऊ नये, ते नाकात जाते. पुरचुंडीचा आकार मुलाच्या मुठीपेक्षा मोठा असावा व शिवण दर महिन्याला तपासावी. बिब्बा, जेपाळ, धोत्रा, गुंज ही द्रव्ये ज्या खोलीत असतील, तेथे पुरचुंड्या भरण्याचे काम करू नये.