चाफा मेलेला नसतो, झोपलेला असतो

जानेवारी लागला की बदलापूर-अंबरनाथकडच्या सोसायट्यांमधल्या चाफ्यांना धोका सुरू होतो. थंडीचा नव्हे, माणसांच्या काळजीचा. पानं सगळी गळून गेलेली, उरलेल्या नुसत्या राखाडी, जाडजूड, बोथट फांद्या. 'झाड गेलं वाटतं' म्हणत कोणी रोज बादलीभर पाणी ओततं, कोणी बुंध्याशी खताचा ढीग रचतं, तर कोणी सरळ कुऱ्हाड मागवतं.

झाड गेलेलं नसतं. टोकदार पानांचा आपला खुरचाफा मुळात पानगळीचाच आहे. कोरड्या महिन्यांत पानं टाकायची आणि जाड खोडात साठवलेल्या पाण्यावर तग धरायचा, ही त्याची रीत. शंका असेल तर फांदीवर नखाने हलकासा ओरखडा काढा. आत हिरवं दिसलं, चीक आला, की निर्धास्त राहा. या काळात जमिनीतल्या झाडाला पाण्याची गरज जवळजवळ नसते. कुंडीतल्याला माती पूर्ण सुकल्यावर अगदी थोडं पुरतं. ओल्या मातीत झोपलेली मुळं कुजतात आणि कूज खोडात चढते. फांदी दाबल्यावर मऊ, पोकळ लागली तरच काळजी करा. मग कुजका भाग आतला गर स्वच्छ दिसेपर्यंत छाटायचा. शेजारच्या गच्चीवरचा चाफा बारमाही हिरवा दिसतो म्हणून आपल्याला दोष देऊ नका. त्याच्या पानांची टोकं गोलसर आहेत का ते बघा. ती वेगळी, सदाहरित जात आहे.

दुसरा समज श्रद्धेच्या जवळचा आहे, म्हणून जरा जपून सांगते. देवळाच्या आवारात चाफा दिसतो, त्यामुळे तो पुराणकाळापासून इथलाच, असं आपण धरून चालतो. अंबरनाथचं शिलाहारकालीन शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इ. स. १०६० चं. वालधुनीकाठी त्या दगडांवर छिन्नी चालत होती तेव्हा खुरचाफा या देशात नव्हता. तो मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडचा. युरोपीय जहाजांनी पुढे त्याला जगभर नेलं. त्याचं शास्त्रीय नाव 'प्लुमेरिया' हे शार्ल प्लुमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडलं. जुन्या संस्कृत काव्यातला चंपक म्हणजे सोनचाफा, आणि तो वेगळ्याच कुळातला. खुरचाफा कण्हेरीच्या कुळातला आहे. पण देवळांनी आणि दर्ग्यांनी याला आपलंसं केलं यात नवल नाही. पाण्यावाचून राहणारं, तोडलेल्या फांदीतूनही फुलणारं दुसरं झाड शोधून दाखवा!

वासाने साप येतात, हे तर प्रत्येक चाळीत ऐकू येतं. साप फुलांसाठी येत नाही; उंदीर, बेडूक आणि लपायला अडगळ यांसाठी येतो. झाडाखालच्या विटा, फुटक्या कुंड्या आणि पालापाचोळा हलवा, चाफ्याला हात लावू नका. खरं तर त्या वासाने फसतात ते निशाचर पतंग. चाफ्याच्या फुलात मध नसतो. रात्री दरवळणाऱ्या सुगंधाला भुलून ते फुलामागून फूल शोधत हिंडतात आणि त्यात परागीभवन होतं. जपायचं ते चिकापासून. त्वचेला खाज, डोळ्यांना आग होते. छाटणीनंतर हात धुवा, मुलांना लांब ठेवा.

मुळं पाया फोडतील ही भीतीही अनाठायी आहे. वड-पिंपळासारखी ती भिंतीत घुसत नाहीत. उलट आपणच पेव्हर ब्लॉक बुंध्याला भिडवून त्यांचा श्वास कोंडतो. आणि 'आमच्या कंपाउंडमधलं झाड, आमची मर्जी' असंही नसतं: १९७५ च्या महाराष्ट्र झाडे संरक्षण कायद्यानुसार शहरी भागात वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही.

फुलंच येत नाहीत, ही तक्रार मात्र खरी असते. कारण बहुतेकदा अपुरं ऊन किंवा नत्राचं जास्त खत. मग नुसती पानं माजतात. चाफ्याचा तुरा फांदीच्या टोकाला येतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये 'आकार देण्यासाठी' शेंडे छाटले की तुरेच हातचे जातात. छाटणी पानगळीच्या काळात, नवी पालवी फुटण्याआधी करावी.

नवं झाड हवं असेल तर बी रुजवत बसू नका. त्याला वेळ लागतो आणि रंग आईसारखा येईलच असं नाही. मार्च-एप्रिलमध्ये हातभर लांब, अंगठ्याहून जाड, पक्की फांदी मागून आणा. आणल्या आणल्या खोचायची घाई करू नका, इथेच पुष्कळांची फसगत होते. आठवडा-दहा दिवस सावलीत ठेवून कापाचं तोंड सुकू द्या. मग वाळूमिश्रित मातीत लावा आणि पानं फुटेपर्यंत पाण्याचा हात आखडता ठेवा.

आपल्याकडचा धुवांधार पाऊस हीच कुंडीतल्या चाफ्याची खरी परीक्षा. तेव्हा पानांच्या मागे नारिंगी पावडर दिसली तर तो तांबेरा. ती पानं तोडून आवाराबाहेर टाका. आणि जूनच्या पहिल्या सरीआधी कुंडीखालची ताटली काढून घ्या, तळाचं भोक काडीने मोकळं करा.